एमएस झाल्यावर घरात-बाहेर वावरायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरला राहते. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, कळून मला १४ वर्षं झाली. आधी डावा डोळा धूसर झाला, तो महिनाभरात सुधारला. दोन वर्षांनी उजवा पाय ओढायला लागला, तो काही पूर्ण सुधारला नाही. नव्यानं निदान झालेली मंडळी, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आया, मला फोन करतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचे डोस इथे सापडणार नाहीत. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, इतपत तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. त्यापुढे रोज उठून काय करायचं, ते खाली आहे. एक गोष्ट आधीच सांगते. सकाळी नऊ वाजताची मी आणि संध्याकाळी सहा वाजताची मी या दोन वेगळ्या बायका आहेत. घर मी सहा वाजताच्या बाईसाठी लावलंय.

सकाळी धडधाकट चालते, संध्याकाळी पाय उचलत नाही. आजार वाढतोय का?

बहुतेक वेळा नाही. आवरण गेलेल्या नसेतून निरोप कसाबसा जातो. थकवा, ताप, ऊन, अपुरी झोप यांतलं काहीही आडवं आलं की तो वाटेतच अडकतो. विश्रांती मिळाली की पुन्हा जायला लागतो. नातेवाइकांना हे पटत नाही, कारण त्यांनी तुम्हाला सकाळी जिना चढताना पाहिलेलं असतं. दोन आठवडे वहीत वेळ लिहा: किती वाजता पाय जड झाला, त्याआधी काय केलं होतं. माझ्या वहीत दुपारी चारनंतरचं पान कायम भरलेलं असायचं. बँकेची कामं, डॉक्टर, बाजार हे सगळं मी अकराच्या आत आणलं ते त्या वहीमुळे.

विदर्भाचा उन्हाळा कसा काढता?

कण्हत. पण काढते.

उष्णतेचं आणि एमएसचं हे वैर जुनं आहे. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं की व्यायामानंतर काही रुग्णांची नजर तात्पुरती धूसर होते. आजही डॉक्टर त्याला ऊटहॉफचंच नाव देतात. एमआरआय नव्हता त्या काळात निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. शरीराचं तापमान अर्धा अंश चढलं तरी पुरतं. धीर देणारी गोष्ट इतकीच की उन्हाने लक्षणं वाढतात, नसांना नवी इजा होत नाही. अंग थंड झालं की तासा-दोन तासांत माणूस मूळ पदावर येतो.

जागतिक एमएस दिवस ३० मे रोजी असतो, म्हणजे आमच्याकडे ऐन नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. पारा ४५ च्या वर, आणि कार्यक्रमाला या म्हणून निरोप! तारीख ठरवणाऱ्याने मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नसावं.

माझी पद्धत अशी. बाहेर पडायच्या अर्धा तास आधी गार पाण्याने आंघोळ किंवा निदान हात-पाय-मान गार पाण्याखाली. अंग आधी थंड करून निघालं की बाहेर जास्त वेळ टिकता येतं. पर्समध्ये डब्यात ओला नॅपकिन, तो मानेवर. प्यायला माठातलं पाणी आणि पन्हं. कूलर आमच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, वाळ्याच्या ताट्या लावल्या तर वासही सुंदर येतो. पण पहिला पाऊस पडला की तोच कूलर खोली दमट करतो आणि पाय गळून जातात. तेव्हा तो बंद करून एसी लावायचा. मुंबई-कोकणातल्या लोकांनी कूलरच्या भानगडीत पडूच नये, तिथे हवेतच पाणी असतं. एसी ही आपल्यासाठी चैन नाही, औषधाच्या खात्यात धरा. घरात एकच बसवता येत असेल तर ज्या खोलीत तुम्ही दुपार काढता तिथे बसवा. आमचा आधी हॉलमध्ये बसला होता, पाहुण्यांसाठी.

त्रास वाढला तर तो उन्हाचा की नवा अटॅक, हे कसं ओळखायचं?

डॉक्टर ढोबळमानाने २४ तासांची रेघ धरतात. नवं लक्षण आलं, किंवा जुनं ठळकपणे वाढलं, ते २४ तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नाही, तर तो अटॅक असू शकतो. लगेच न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. आधी दोन गोष्टी तपासा: ताप, आणि लघवी. लघवीचा संसर्ग हा मोठा लबाड पाहुणा आहे. जळजळ नसतानाही तो येतो आणि पाय लाकडासारखे करून टाकतो. मला एकदा वाटलं, झालं, आता अंथरुणच. निघाला संसर्ग. अँटिबायोटिक सुरू झालं आणि चौथ्या दिवशी मी ओट्याशी उभी होते.

खरा अटॅक असेल तर बहुधा मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन ते पाच दिवस सलाइनमधून देतात. त्याने बरं होणं लवकर होतं. रात्रीची झोप उडते, साखर चढते, तोंडाला धातूसारखी चव येते. मधुमेह असेल तर आधी सांगा.

"तू तर बसूनच होतीस, मग दमलीस कशाने?" याला काय उत्तर द्यायचं?

सासूबाईंना मी दोन वर्षं समजावत होते. शेवटी इन्व्हर्टर कामी आला. आमच्याकडे भारनियमन सगळ्यांनी भोगलंय. इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि तीन दिवे छान चालतात, कुणाला कळतही नाही की लाईट गेली आहे. त्यावर कुणी मिक्सर लावला की टींऽऽ करून सगळंच बंद. मी म्हटलं, आई, मी इन्व्हर्टरवर आहे. त्यानंतर त्या स्वतःच घरातल्या इतरांना ओरडू लागल्या, "अरे, तिला मिक्सर लावायला लावू नका."

म्हणून दिवसात एकच मिक्सर. बाजार असेल त्या दिवशी कपड्यांच्या घड्या नाहीत. पाहुणे येणार असतील तर दुपारी तासभर आडवं पडायचं, आणि तेही दमायच्या आधी. गळून गेल्यावर घेतलेली विश्रांती फार कमी भरून देते.

सगळा थकवा एमएसच्या नावावर मात्र टाकू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, डी जीवनसत्त्व तपासून घ्या. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर थकव्याचं मूळ तिथे आहे. आणि मन उदास राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. एमएसमध्ये नैराश्य बरंच आढळतं आणि त्यावर उपचार आहेत.

काठी कधी घ्यायची? इतक्या लवकर सवय लागली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा तेव्हा भिंतीला धरून उभा असतो.

काठीने पाय आळशी होत नाही. पडण्याच्या भीतीने माणूस घराबाहेर जायचं बंद करतो, त्याने पाय आळशी होतो. मी काठी टाळली ती तीन वर्षं. त्या काळात मी नवऱ्याचा दंड धरून चालायचे, आणि लोकांना वाटायचं की काय प्रेम आहे! काठी घेतल्यापासून मी एकटी भाजी आणते, आणि नवऱ्याशी भांडूनही येते.

आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. काठी नसताना तोल गेला की लोक म्हणतात, दारू प्यायलीय. पुरुषांना तर सर्रास ऐकावं लागतं. काठी दिसली की रिक्षावाला थांबतो, रांगेत जागा मिळते. रोजच लागते असंही नाही. घडीची काठी पर्समध्ये ठेवा, जाताना बंद, येताना उघडी.

आता धरायची कशी. जो पाय कमजोर, त्याच्या विरुद्ध हातात. माझा उजवा पाय कमजोर, म्हणून काठी डाव्या हातात. मी पहिले चार महिने उजव्याच हातात धरत होते, कारण दुखऱ्या बाजूला आधार द्यावा असंच वाटतं. फिजिओथेरपिस्टने एका मिनिटात हात बदलायला लावला आणि कंबरदुखी निम्मी झाली. उंची मोजताना रोजची पादत्राणं घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मनगटावर जिथे घडी पडते तिथे काठीची मूठ यायला हवी. धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं राहतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि कमजोर पाय आधी. खालचं रबर झिजलं की बदला. गुळगुळीत झालेलं रबर ओल्या फरशीवर साबणासारखं सरकतं. मेडिकलच्या दुकानात सुटं मिळतं.

चप्पल पायातून निघून जाते आणि दहा पावलं गेल्यावर कळतं. हसू नका!

हसत नाही. माझी एक चप्पल अशीच लग्नाच्या मांडवात राहिली.

पायाची जाणीव कमी झाली की असं होतं, आणि पाऊल घोट्यातून नीट उचललं जात नसेल तर आणखीच. पाऊल खाली लोंबतं आणि पुढचं टोक सतरंजीत, उंबरठ्यात अडकतं. अंगठ्याची चप्पल आणि स्लीपर घरातून हद्दपार करा. मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची सँडल घ्या. सोल फार जाड नको, फार चिकटही नको, नाहीतर पाय जमिनीला धरून राहतो आणि आपण पुढे जातो. पाऊल उचलत नसेल तर घोट्याची प्लास्टिकची स्प्लिंट मिळते, तिला एएफओ म्हणतात. ती मापाने बनवून घ्यावी. तयार आणलेली माझ्या पिंढरीला रुतत होती. ती मावावी म्हणून बूट एक नंबर मोठा घ्यावा लागतो. उन्हाळ्यात आत सुती मोजा घाला आणि संध्याकाळी काढल्यावर पायाची कातडी बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला द्या.

बाथरूममध्ये पडायची भीती वाटते. काय बदल करावेत?

भीती रास्त आहे. ओली फरशी, साबण, गरम पाणी आणि बंद दार, सगळं एकाच ठिकाणी जमलेलं असतं.

टॉवेलच्या दांडीला धरू नका. हे मी ठळक अक्षरात सांगतेय असं समजा. ती टॉवेलचं वजन पेलायला लावलेली असते. माझ्या हातात ती स्क्रू-गिट्ट्यांसकट आली आणि मी बादलीवर बसले. ग्रॅब बार वेगळे मिळतात, स्टीलचे, आणि ते विटेत खोल भोक पाडून बसवावे लागतात. पोकळ भिंतीत किंवा नुसत्या टाइलवर नाही.

कुठे बसवायचे ते मिस्त्रीला ठरवू देऊ नका. तो स्वतःच्या उंचीने बसवतो. आम्ही असं केलं: कोरड्या बाथरूममध्ये मी दोन्ही हात रांगोळीत बुडवले आणि रोजच्यासारखी आत गेले, कमोडवर बसले, उठले, आंघोळीच्या जागी वळले. भिंतीवर जिथे जिथे पंजे उमटले तिथे खडूने फुल्या मारल्या. वास्तुशांतीला हळदीचे हात उमटवतात तसं बाथरूम दिसत होतं. तीन ठिकाणी बार बसले, आणि त्यातला एक दाराबाहेर आहे. तोल मला तिथेच जायचा, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाकीचं झटपट: आंघोळ बसून, रुंद पायांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. बादली जमिनीवर नाही, पाटावर किंवा छोट्या स्टुलावर, म्हणजे वाकावं लागत नाही. पाणी कोमट. कढत पाण्याची आंघोळ केलीत की उठताना पाय नसतील. पाण्याचा अंदाज बधिर बोटांनी घेऊ नका, कोपर बुडवून बघा. आतून कडी लावायची नाही, बाहेर पाटी लटकवा. दार बाहेर उघडणारं करून घेता आलं तर फारच चांगलं, कारण आत पडलेलं माणूस दारालाच अडतं. भारतीय बैठकीच्या संडासाचं भाड्याचं घर असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते.

स्वयंपाक सोडावा लागेल का?

मी सोडला नाही. पोळ्या मात्र सोडल्या. कणीक मळून, लाटून, तव्यापाशी उभं राहून वीस पोळ्या म्हणजे तीन मिक्सर एकदम. पोळ्यांना मावशी येतात. वरण, भाजी, सांबारवडी माझी. प्रत्येकाने आपलं काय राखायचं ते ठरवावं.

ओट्याशी उंच स्टूल ठेवा, पाय टेकतील असं. विळीवर चिरण्याचा मोह आवरा. खाली बसणं जमतं, उठणं जमत नाही, आणि बोट बधिर असेल तर विळीने कापलेलं रक्त दिसल्यावरच कळतं. भाजी रात्री गारव्यात टेबलाशी बसून चिरून ठेवते. गरम भांडं उचलून नेत नाही, ओट्यावरून सरकवते. कुकर रिकामा करायचा झाला तर पळीने वाढून घेते, ओतत नाही. हात थरथरत असेल तर चहाचा कप अर्धाच भरा, दोनदा घ्या. गॅसपाशी पदर, ओढणी नको.

सारखी लघवी लागते. पाणी कमी पिऊ का?

नका! सगळेच हे करतात, आणि त्यातूनच संसर्ग, बद्धकोष्ठता, पाय ताठणं सुरू होतं. ४५ अंशांत तर ते धोक्याचंच. पाणी दिवसा प्या, संध्याकाळी सातनंतर हळूहळू कमी करा. चहा-कॉफीने घाई वाढते, ती मोजून. लागण्याची वाट न बघता दर दोन-अडीच तासांनी जाऊन या.

काहींना घाई होते, काहींची पिशवी नीट रिकामीच होत नाही, आणि काहींना दोन्ही. औषध यावर अवलंबून असतं, म्हणून लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरतं ते सोनोग्राफीत बघतात. लाजेपोटी डॉक्टरांना हे न सांगणाऱ्या बायका मला फार भेटतात. मी सांगायला पाच वर्षं लावली. वाया गेली ती.

व्यायामाने अंग तापतं, मग करावा की नाही?

करावा. पूर्वी एमएसच्या रुग्णाला पडून राहा असंच सांगत. आता उलट सांगतात, कारण व्यायामाने ताकद, तोल आणि थकवा तिन्ही सुधारतात हे दिसून आलंय. पहाटे, पंख्याखाली, थोडा थोडा. दहा मिनिटं, बसणं, पुन्हा दहा मिनिटं. योगासनं भिंतीला धरून किंवा खुर्चीवर. पोहता येत असेल आणि तलावाचं पाणी गार असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही, अंग तापतच नाही. फक्त तलावाच्या काठावरची ओली फरशी सांभाळा.

रात्री पाय ताठ होतात, पेटके येतात.

झोपण्याआधी पिंढऱ्या आणि मांड्यांचे ताण, फिजिओने शिकवलेले, रोज. त्यासाठी बॅक्लोफेन नावाची गोळी बऱ्याच जणांना असते. ती मनाने एकदम बंद करू नका, झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. गावाला जाताना चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घ्या.

रिक्षा, एसटी, रेल्वे, मेट्रो कशी जमते?

रिक्षात पाय आधी टाकू नका. पाठ करून सीटवर टेका, मग पाय आत वळवा. उतरताना उलट. गाडीतही तसंच. सीटवर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी टाकली की अंग सहज फिरतं, हा एका काकूंनी शिकवलेला उपाय.

मेट्रो मला सगळ्यात सोयीची. लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीवर, आणि आत गार. फक्त स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता आधी बघून ठेवा. एसटीची पहिली पायरी फार उंच असते. कंडक्टरला आधी सांगितलं तर गाडी फुटपाथच्या कडेला घेतात, निदान माझ्या बाबतीत घेतली.

रेल्वेत दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो, म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याने सगळ्यात लांब चालायचं. मोठ्या स्टेशनांवर व्हीलचेअर आणि बॅटरीवरची गाडी असते, ती मागा. भाड्याची सवलत प्रत्येक दिव्यांगाला सरसकट मिळत नाही. अस्थिव्यंगाच्या वर्गात, सोबत्याशिवाय प्रवास शक्य नाही असं प्रमाणित झालेल्यांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के आणि सेकंड एसीत ५० टक्के आहे, सोबत्यालाही. विमानात व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, आणि काठी असली तरी मागा. विमानतळावरचं अंतर आपल्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त असतं.

व्हीलचेअर घेतली म्हणजे चालणं संपलं ना?

नाही. मी घरात चालते, प्रदर्शनात व्हीलचेअरवर असते. पूर्वी प्रदर्शनाच्या दारात बाकावर बसून पर्सेस सांभाळायचे.

घेण्याआधी घरातली दारं मोजा, विशेषतः संडासाचं. जुन्या फ्लॅटमध्ये तेच सगळ्यात अरुंद असतं आणि खुर्ची तिथेच अडते. खुर्ची बसणाऱ्याच्या मापाची घ्या. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो. गादी चांगली, कारण बधिर अंगाला जखम झालेली कळत नाही. उतार करताना एक इंच उंचीला बारा इंच लांबी हे प्रमाण धरा: सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट. सोसायटीने आमच्याकडे दोन फुटांचा केला होता, त्यावरून मोटरसायकल छान चढते. उतारावरून खाली आणताना खुर्ची उलटी, मागची चाकं आधी.

पडले तर घरच्यांनी काय करावं?

काखेत हात घालून ओढू नये! पहिली दोन मिनिटं काहीच करू नये, कुठे लागलंय ते विचारावं. मग एक भक्कम खुर्ची आणून समोर ठेवावी. माणूस आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, खुर्चीवर हात, चांगला पाय पुढे, आणि मागे दुसरी खुर्ची. हे एकदा गादीवर, न पडता, सगळ्यांनी मिळून करून बघा. आमच्या मुलाने नवव्या वर्षीच शिकून घेतलं.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? मी तर चालते.

मिळू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. बहुतेक लाभांना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. आयकराच्या जुन्या प्रणालीत त्यावर ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

अडचण तपासणीच्या दिवशी येते. माझी वेळ सकाळी दहाची, जानेवारी महिना, रात्रभर झोप झालेली. मी टेबलापर्यंत चालत गेले आणि समोरचे म्हणाले, "तुम्ही तर ठीक दिसता." परत पाठवलं. दुसऱ्यांदा एमआरआयचे रिपोर्ट, भरती झालेल्या वेळांची डिस्चार्ज कार्डं, आणि किती मीटरनंतर पाय ओढतो हे फिजिओने लिहून दिलेलं पत्र घेऊन गेले. नाटक करू नका, पण वाईट वेळी काय होतं तेही सांगितल्याशिवाय उठू नका.

नोकरीच्या ठिकाणी सांगावं का?

सरकारी नोकरीत असाल तर याच कायद्याचं कलम २० पाठीशी आहे: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पदावनतीही करता येत नाही. खासगीत माणसं बघून सांगा. मी आधी एका वरिष्ठांना सांगितलं, आजाराचं नाव नाही, गरज सांगितली: एसीजवळची जागा, तळमजला, दुपारी वीस मिनिटं. नाव ऐकून लोक घाबरतात, टेबल हलवायला कुणी घाबरत नाही.

लग्न, मूल?

दोन्ही होतं. गरोदरपणाचा विचार असेल तर सहा-आठ महिने आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला, कारण टेरिफ्लुनोमाइडसारखी काही औषधं आधी थांबवावी लागतात. शेवटच्या तिमाहीत अटॅक सहसा कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढू शकतात. त्या काळासाठी माणसं आधी जमवून ठेवा.

एकाने रामबाण औषध सांगितलंय, प्रतिकारशक्ती वाढवणारं...

आपली प्रतिकारशक्ती कमी नाही, वाट चुकलेली आहे. तिला आणखी जोर कशाला द्यायचा? गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. आणि एमएसच्या काही औषधांचा भार आधीच यकृतावर असतो. तेल लावा, मालिश घ्या, बरं वाटतं. चालू औषध बंद करायला सांगणाऱ्याला मात्र चहा पाजून वाटेला लावा. पुस्तकी माहितीपेक्षा माणसं हवी असतील तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत.

देवळात अनवाणी चालताना काही काळजी?

चैत्र-वैशाखात दगडी फरशीवर मोजे घालूनच. बधिर तळव्याला चटका कळत नाही, फोड घरी आल्यावर दिसतो. पंढरपूरला जायचं तर मुखदर्शनाची रांग धरा, पदस्पर्शाची नाही. वणीला आता पायऱ्या चढायची सक्ती नाही, ट्रॉली आहे.

रात्री लाईट गेली की मी एकदम पडायलाच होते. डोळे तर ठीक आहेत!

डोळे ठीक आहेत म्हणूनच दिवसा उभ्या आहात. पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणारी नस अधू झाली की ते काम डोळे करतात. अंधारात तेही सुटतं. डोकं धुताना डोळे मिटल्यावर तोल जातो तोही यामुळेच, म्हणून डोकं बसूनच धुवायचं.

पलंगापासून संडासापर्यंत वाटेत काही ठेवायचं नाही, पायपुसणंसुद्धा. आमच्याकडे त्या वाटेवर दोन बल्ब बॅटरीचे आहेत, लाईट गेली की आपोआप लागतात. छोटी टॉर्च मी काठीच्या मुठीला परकराच्या जुन्या नाडीने बांधली आहे. पर्समध्ये ठेवली होती तेव्हा ती शोधायलाच उजेड लागायचा.